अणू इलेक्ट्रॉन ‘देतो’ म्हणजे नेमके काय होते? आयन तयार होण्यामागील ऊर्जेचा हिशेब

प्रश्न – कुतूहल

आयन कसे तयार होतात हे रसायनशास्त्राची पुस्तके बहुधा एकाच उदाहरणाने सांगतात. सोडिअमच्या बाह्यतम कवचात एक इलेक्ट्रॉन असतो, क्लोरीनच्या बाह्यतम कवचात सात असतात. सोडिअम आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देतो, दोघांचीही अष्टके (बाह्यतम कवचातील आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण होतात आणि धन व ऋण आयन तयार होतात. हे वाचताना सोडिअमला तो इलेक्ट्रॉन जवळ नकोच असतो, असे वाटू लागते. मात्र पुढच्याच प्रकरणातील आयनीभवन ऊर्जेच्या तक्त्यात सोडिअमपुढे प्रतिमोल ४९६ किलोज्यूल हा आकडा दिलेला असतो, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा तर एवढी ऊर्जा बाहेरून द्यावी लागते. क्लोरीनच्या अणूला इलेक्ट्रॉन मिळाला की ३४९ किलोज्यूल बाहेर पडतात. वजाबाकी केली तर १४७ किलोज्यूलची तूट उरते. असे असताना हा व्यवहार मुळात घडतोच कसा?

दुसरी अडचण रेणूंबाबत आहे. हायड्रोजन क्लोराइडमध्ये दोन्ही अधातू आहेत आणि त्यांच्यात सहसंयुज बंध आहे, तरीही हा वायू पाण्यात विरघळला की आयन तयार होतात. अमोनियाचा अख्खा रेणू अमोनिअम आयन होतो, पण त्याने कोणाला इलेक्ट्रॉन दिल्याचे कुठे लिहिलेले आढळत नाही. ‘इलेक्ट्रॉन देणे किंवा घेणे म्हणजे आयन होणे’ ही व्याख्या येथे कशी लावायची? जाणकारांनी सविस्तर सांगितले तर उपकार होतील.

उत्तर १ – रसशाळा

आपली वजाबाकी बरोबर आहे. ती प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी करायला हवी, कारण अणूच्या ‘इच्छे’बद्दलचा गैरसमज तिच्यामुळेच दूर होतो. कोणताही उदासीन अणू आपला इलेक्ट्रॉन फुकट सोडत नाही. सर्व मूलद्रव्यांत ज्याचा इलेक्ट्रॉन सर्वांत सहज निघतो त्या सीझिअमलाही प्रतिमोल ३७६ किलोज्यूल द्यावे लागतात, आणि दुसऱ्या टोकाला असलेल्या हेलिअमला २३७२. केंद्रकाचा धन प्रभार इलेक्ट्रॉनला सतत ओढून धरत असतो. बाहेरचे कवच भरलेले असो वा रिकामे, त्या ओढीचा जोर तेवढा कमी-अधिक होतो, तिची दिशा कधीच उलटत नाही.

आता तूट कोण भरून काढते ते पाहू. इलेक्ट्रॉन एका अणूकडून दुसऱ्याकडे गेल्यावर दोन विरुद्ध प्रभार समोरासमोर येतात आणि एकमेकांकडे ओढले जातात. एकेक प्रभाराचे दोन आयन ठरावीक अंतरावर आले, तर १३८.९ या संख्येला त्यांच्यामधील नॅनोमीटरमधल्या अंतराने भागून जे येईल, तितके किलोज्यूल प्रतिमोल मोकळे होतात. १४७ किलोज्यूलची तूट भरून निघायची तर अंतर किती असावे? १३८.९ भागिले १४७ म्हणजे साधारण ०.९४ नॅनोमीटर. सोडिअम आणि क्लोरीनचे अणू यापेक्षा दूर असतील तर इलेक्ट्रॉनने जागा बदलणे तोट्याचे ठरते, आणि ते याहून जवळ आले की तोच बदल फायद्याचा होतो. वायुरूप सोडिअम क्लोराइडच्या सुट्या रेणूत हे अंतर ०.२३६ नॅनोमीटर असते, आणि तेथे हाच भागाकार ५८९ किलोज्यूल देतो. अगदी जवळ आल्यावर इलेक्ट्रॉनांच्या ढगांचे प्रतिकर्षण सुरू होते व त्यातील थोडा भाग खर्ची पडतो, तरीही १४७ची भरपाई होऊन पुष्कळ शिल्लक राहते.

प्रत्यक्षात आपण सुट्या अणूंपासून सुरुवात करत नाही. हातात सोडिअम धातूचा तुकडा आणि क्लोरीन वायू असतो. धातूतून अणू सुटे करण्यास १०७ किलोज्यूल, क्लोरीनच्या रेणूतून एक मोल अणू मिळवण्यास १२१ आणि सोडिअमच्या आयनीभवनास ४९६, असा एकूण खर्च ७२४ किलोज्यूल होतो. जमेच्या बाजूला क्लोरीनची इलेक्ट्रॉन आसक्ती ३४९ आणि सर्व आयन एकत्र येऊन स्फटिक बनताना मिळणारी जालक ऊर्जा (जालक म्हणजे स्फटिकातील आयनांची नियमित मांडणी) ७८७, असे ११३६ किलोज्यूल येतात. उरलेले सुमारे ४१२ किलोज्यूल उष्णता व प्रकाश होऊन बाहेर पडतात. उष्मामापकात मोजलेला आकडाही ४११ आहे. स्फटिकात प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम आयन असतात, त्यामुळे एकेका जोडीपेक्षा तेथे मिळणारे आकर्षण अधिक असते. आयन तयार होण्याचा बहुतेक खर्च हे जालक उचलते.

हीच पद्धत पुढे नेली की, सोडिअम एकच इलेक्ट्रॉन का गमावतो आणि मॅग्नेशिअम दोन का, हेही आपोआप कळते. सोडिअमचा दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या कवचातून काढावा लागतो. तो केंद्रकाच्या बराच जवळ असल्याने त्यासाठी ४५६२ किलोज्यूल लागतात. दोन प्रभारांच्या धन आयनाचे क्लोराइड घेतले तर त्याची जालक ऊर्जा सुमारे २५०० किलोज्यूलच्या घरात असते, म्हणजे हा खर्च कोणतेही जालक भागवू शकणार नाही. मॅग्नेशिअमच्या पहिल्या दोन इलेक्ट्रॉनांना मिळून ७३८ अधिक १४५१, म्हणजे २१८९ किलोज्यूल लागतात, ते परवडतात. तिसऱ्याला एकदम ७७३३ लागतात, ते परवडत नाहीत. कवच पूर्ण होते त्या टप्प्यावर खर्चाची ही मोठी उडी येते, आणि म्हणून पुष्कळ साधे आयन अष्टक स्थितीत थांबलेले दिसतात. अष्टक हे या हिशेबाचे फलित आहे. त्यालाच कारण मानले तर लोहाच्या आयनांचे काय करायचे, हा प्रश्न उरतो: लोहाच्या दोन किंवा तीन प्रभारांच्या आयनात अष्टक नसते, तरीही ते अगदी सर्रास आढळतात.

ऋण आयनांच्या बाबतीतही तोच न्याय लागतो. ऑक्सिजनच्या अणूला पहिला इलेक्ट्रॉन मिळाला की १४१ किलोज्यूल बाहेर पडतात. मात्र आता तो ऋण झालेला असतो आणि दुसऱ्या इलेक्ट्रॉनला दूर लोटतो; दुसरा बसवण्यासाठी ७००हून अधिक किलोज्यूल घालावे लागतात. एकटा ऑक्साइड आयन निर्वात जागेत टिकतच नाही, तो लगेच एक इलेक्ट्रॉन टाकून देतो. मॅग्नेशिअम ऑक्साइडच्या स्फटिकात मात्र तो स्थिर असतो, कारण त्या जालकाची ऊर्जा प्रतिमोल सुमारे ३८०० किलोज्यूल आहे. म्हणून ‘ऑक्सिजनला दोन इलेक्ट्रॉन हवे असतात’ हे वाक्य मी वर्गात कधीच वापरत नाही.

उत्तर २ – जलयोजन

रसशाळा यांनी जालकाबद्दल लिहिले आहे. पाण्यात तेच काम द्रावक करतो. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेथूनच मिळते.

आधी व्याख्येबद्दल. आयन म्हणजे ज्यातील प्रोटॉनांची आणि इलेक्ट्रॉनांची संख्या समान नाही असा अणू किंवा अणुसमूह. ही असमानता दोन वाटांनी येऊ शकते: इलेक्ट्रॉन कमी-जास्त होऊन, किंवा प्रोटॉन कमी-जास्त होऊन. एकट्या अणूच्या बाबतीत दुसरी वाट रसायनशास्त्रात बंद असते, कारण केंद्रकाला हात लावता येत नाही. रेणूच्या बाबतीत ती उघडी असते, कारण हायड्रोजनचे केंद्रक हे स्वतःच एक प्रोटॉन असते आणि ते एका रेणूवरून उठून दुसऱ्यावर जाऊ शकते.

हे मोजून पाहण्यासारखे आहे. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचे ८ आणि दोन हायड्रोजनचे २ असे १० प्रोटॉन, आणि इलेक्ट्रॉनही १०. त्यात एक प्रोटॉन येऊन मिळाला की ११ प्रोटॉन व १० इलेक्ट्रॉन होतात. हा हायड्रोनिअम आयन. अमोनियात नायट्रोजनचे ७ व हायड्रोजनचे ३ मिळून १० प्रोटॉन आणि १० इलेक्ट्रॉन. एक प्रोटॉन आला की ११ व १०, हा अमोनिअम आयन. आता सोडिअम आयन पाहा: ११ प्रोटॉन व १० इलेक्ट्रॉन. तिघांचाही हिशेब तंतोतंत एकच आहे, फरक एवढाच की सोडिअमने एक इलेक्ट्रॉन गमावला आणि बाकी दोघांनी एक प्रोटॉन कमावला. अमोनियाने कोणाला इलेक्ट्रॉन दिल्याचे आपल्याला आढळले नाही, कारण त्याने तो दिलेलाच नसतो. उलट नायट्रोजनवरील मोकळी इलेक्ट्रॉन जोडी येणाऱ्या प्रोटॉनला बंधासाठी वापरू दिली जाते आणि चारही बंध सारखेच होतात.

हायड्रोजन क्लोराइडच्या रेणूतील बंध पाण्यात तुटतो तेव्हा बंधातील दोन्ही इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे राहतात आणि प्रोटॉन पाण्याच्या रेणूवरील मोकळ्या इलेक्ट्रॉन जोडीला जाऊन जोडला जातो. सुट्या रेणूचे असे विभाजन निर्वात जागेत करायचे तर खर्च प्रचंड आहे: बंध तोडण्यास ४३१, हायड्रोजनच्या आयनीभवनास १३१२, आणि त्यातून क्लोरीनचे ३४९ वजा केले तरी १३९४ किलोज्यूल प्रतिमोल. म्हणूनच वायुरूप हायड्रोजन क्लोराइड आयनांमध्ये मोडत नाही, आणि कोरड्या बेंझिनमध्ये विरघळवला तर द्रावणातून वीज वाहत नाही. पाण्यात मात्र हा वायू विरघळताना वर आणखी सुमारे ७५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. याचा अर्थ, पाण्याच्या रेणूंनी प्रोटॉनला आणि क्लोराइडला वेढून घेण्यातून जवळपास १४७० किलोज्यूल मिळालेले असतात.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण उत्तरपत्रिकांत तो सर्रास पुसला जातो. मीठ पाण्यात विरघळताना आयन नव्याने तयार होत नाहीत. ते स्फटिकात आधीपासूनच असतात, पाणी त्यांना फक्त सुटे करते. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळवले तर पाण्याचा थेंबही नसताना त्यातून वीज वाहते, हा त्याचा पुरावा होय. हायड्रोजन क्लोराइडमध्ये मात्र पाण्याशी झालेल्या अभिक्रियेमुळेच आयन अस्तित्वात येतात. पहिल्या क्रियेला विचरण म्हणावे आणि दुसरीला आयनीभवन, म्हणजे गोंधळ होत नाही. मायकेल फॅरेडे यांनी १८३४ मध्ये ‘आयन’ हे नाव रूढ केले तेव्हापासून बराच काळ विद्युतप्रवाहामुळेच द्रावणात आयन सुटे होतात असे मानले जात होते. प्रवाह सोडण्यापूर्वीच ते द्रावणात मोकळे असतात हे स्वांते अर्‍हेनियस यांनी १८८० च्या दशकात ठामपणे मांडले आणि त्यासाठी त्यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सर्वच रेणू हायड्रोजन क्लोराइडइतके पूर्णपणे आयनीभूत होत नाहीत. लिटरमागे ०.१ मोल ॲसेटिक आम्ल असलेल्या द्रावणात शंभरापैकी जेमतेम एकच रेणू प्रोटॉन सोडून आयन झालेला आढळतो. शुद्ध पाण्यातही पाण्याचा एक रेणू दुसऱ्याला प्रोटॉन देतो, पण २५ अंश सेल्सिअसला साधारण ५५ कोटी रेणूंमागे एकच हायड्रोनिअम आयन असतो.

कुतूहल

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. ११ प्रोटॉन व १० इलेक्ट्रॉन यांची तुलना वाचून व्याख्येची अडचण पूर्णपणे दूर झाली. आता एकच विचारायचे आहे. जालक नाही, द्रावक नाही, फक्त वायू आहे. अशा ठिकाणी रेणूतून खरोखरच एक इलेक्ट्रॉन बाहेर काढला तर तो रेणू अखंड राहतो की तुटतो? आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा तेथे कोण देते?

उत्तर ३ – वर्णपट

तेथे भरपाई करणारे कोणी नसते, त्यामुळे सगळी ऊर्जा रोख मोजावी लागते. ती प्रकाशकणातून येते, वेगवान कणाच्या धडकेतून येते, किंवा फार उच्च तापमानातून येते.

प्रकाशापासून सुरुवात करू. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढण्यास १२.०७ इलेक्ट्रॉन व्होल्ट (एकेका कणाची ऊर्जा मोजण्याचे एकक) लागतात. एवढी ऊर्जा एकाच प्रकाशकणात हवी, म्हणजे त्याची तरंगलांबी सुमारे १०३ नॅनोमीटर किंवा त्याहून कमी हवी. डोळ्यांना दिसणाऱ्या जांभळ्या प्रकाशाच्या कणात सुमारे ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट असतात, आणि सीझिअमच्या सुट्या अणूलाही ३.८९ लागतात. म्हणून दृश्य प्रकाशाचा एकच कण कोणत्याही मूलद्रव्याच्या सामान्य स्थितीतील सुट्या अणूला आयन करू शकत नाही, प्रकाश कितीही प्रखर दिसला तरी. निसर्गातील एक सुंदर उदाहरण पृथ्वीच्या आयनांबराच्या (वातावरणाच्या वरच्या, आयनयुक्त भागाच्या) सर्वांत खालच्या थरात, साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर घडते. सूर्यावरील हायड्रोजनकडून येणाऱ्या १२१.६ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांत प्रत्येक कणाला १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असतात. नायट्रोजन व ऑक्सिजनच्या रेणूंना ते अपुरे पडतात. पण तेथे अत्यल्प प्रमाणात असलेल्या नायट्रिक ऑक्साइडला ९.२६ पुरतात आणि तोच आयन होतो. विरळ असलेला वायू मुबलक वायूंना मागे टाकतो, तो केवळ या एका आकड्यामुळे.

धडकेचे उदाहरण वस्तुमान वर्णपटमापकात, म्हणजे आयनांना वस्तुमानानुसार वेगळे करणाऱ्या उपकरणात, रोज पाहायला मिळते. तेथे साधारण ७० इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन वायुरूप नमुन्यावर सोडतात. असा इलेक्ट्रॉन रेणूला चिकटत नाही. तो जवळून जाताना रेणूतील एखादा इलेक्ट्रॉन उडवतो. रेणू अखंड राहतो की तुटतो, हे त्यात किती जास्तीची ऊर्जा उरली यावर ठरते. मिथेनचे उदाहरण घ्या: १२.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट दिले की मिथेनचा रेणू इलेक्ट्रॉन गमावून अखंड आयन होतो, पण १४.३ च्या वर गेले की त्यातून हायड्रोजनचा अणू निखळून मेथिल आयन उरतो. दोन्हींत दोनही इलेक्ट्रॉन व्होल्टचा फरक नाही. म्हणूनच मिथेनच्या वर्णपटात १६ या वस्तुमानाच्या रेषेशेजारी १५ ची रेषा ठळक दिसते.

इलेक्ट्रॉन गेला की बंध सैल होतो, असे बहुतेकांना वाटते. ते नेहमीच खरे नसते. नायट्रोजनच्या रेणूतून जाणारा इलेक्ट्रॉन बंध टिकवणाऱ्या कक्षकातला (कक्षक म्हणजे इलेक्ट्रॉन जेथे आढळतो तो भाग) असतो, त्यामुळे बंधाची लांबी १०९.८ पिकोमीटरवरून १११.६ वर जाते. ऑक्सिजनमध्ये मात्र सर्वांत सहज निघणारा इलेक्ट्रॉन प्रतिबंधी कक्षकात बसलेला असतो. तो बंधाला कमकुवत करत असतो. तो निघून गेला की बंध १२१ पिकोमीटरवरून ११२ वर येतो आणि अधिक बळकट होतो. दोन शेजारी मूलद्रव्ये, क्रिया एकच, आणि परिणाम परस्परविरुद्ध. मला स्वतःला संपूर्ण विषयात याहून बोलके उदाहरण माहीत नाही. ऑक्सिजनचा हा धन आयन प्रयोगशाळेत घन पदार्थातही मिळतो. रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांना प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइडने ऑक्सिजनच्या रेणूकडूनच इलेक्ट्रॉन काढून घेतल्याचे दिसले. झेनॉनची आयनीभवन ऊर्जाही जवळपास तेवढीच, म्हणजे प्रतिमोल ११७० किलोज्यूल आहे हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्याच तर्कावर १९६२ मध्ये त्यांनी राजवायूचे पहिले संयुग मिळवले.

तापमानाबद्दल भारतीय भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांचे १९२० मधील, तप्त वायूत किती अणू आयन होतील हे सांगणारे समीकरण सांगायलाच हवे. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५८०० केल्व्हिन आहे आणि त्या तापमानाला कणांची औष्णिक ऊर्जा अर्ध्या इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास असते. कॅल्शिअमला आयन करण्यास ६.११ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, तरीही सूर्याच्या वर्णपटातील ३९३.४ व ३९६.८ नॅनोमीटरच्या अतिशय ठळक काळ्या रेषा कॅल्शिअमच्या आयनाच्याच आहेत. साहांनी दाखवले की, तापमानाबरोबर दाबाचाही विचार करावा लागतो. वायू विरळ असेल तर सुटलेल्या इलेक्ट्रॉनला पुन्हा आयन भेटण्याची शक्यता कमी असते, आणि त्यामुळे आयनांचे प्रमाण वाढते. त्याच ठिकाणी १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा हायड्रोजन मात्र जवळजवळ संपूर्ण उदासीन राहतो.

रसशाळा

वर्णपट यांनी दिलेल्या ऑक्सिजनच्या उदाहरणाला एक जोड देतो, कारण प्रतिबंधी कक्षकात इलेक्ट्रॉन भरत गेल्यास काय होते तेही पाहण्यासारखे आहे. ऑक्सिजनच्या रेणूला एक इलेक्ट्रॉन मिळाला की सुपरऑक्साइड आयन होतो आणि बंध सुमारे १३३ पिकोमीटर होतो. दुसरा मिळाला की पेरॉक्साइड होतो आणि बंध सुमारे १४९ वर जातो. आणखी पुढे गेल्यास बंध तुटतो आणि दोन ऑक्साइड आयन उरतात.

यांपैकी कोणता आयन तयार होईल, हे सोबतचा धन आयन ठरवतो. लिथिअम भरपूर ऑक्सिजनमध्ये जाळला तर मुख्यतः ऑक्साइड मिळते, सोडिअमपासून मुख्यतः पेरॉक्साइड, आणि पोटॅशिअमपासून सुपरऑक्साइड. लिथिअमचा आयन लहान असल्याने ऑक्साइड आयन त्याच्या फार जवळ बसतो आणि बंध तोडण्याचा व दुसरा इलेक्ट्रॉन बसवण्याचा जबर खर्च जालक ऊर्जेतून निघतो. पोटॅशिअमचा आयन मोठा असतो. त्याच्या जालकातून तेवढी भरपाई होत नाही, त्यामुळे ऑक्सिजनच्या रेणूला एकच इलेक्ट्रॉन देऊन त्याचा बंध शाबूत ठेवणे तेथे अधिक फायद्याचे ठरते.